उष्टा दोरा

"बौद्ध झालो तर तुमच्यातली पोरगी मला द्याल का?"

रातपाळीला, पहाटे तीनच्या सुमाराला, शेजारच्या लूमवरच्या दोस्तानं हा सवाल टाकला. लूमच्या खटखटाटात माणसाला ओरडून बोलावं लागतं. त्यामुळं हा सवालही त्यानं ओरडूनच विचारला. चार लूम पलीकडच्या चाचानं मान वर करून बघितलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. कांडी बदलली आणि तुटलेला दोरा शोधत वाकून बसलो. दोरा तुटलेलाच नव्हता.

दोस्त लातूरकडचा. जातीनं मांग. त्याच्या खोलीत भिंतीवर अण्णाभाऊ आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. गावच्या जत्रेत त्याच्या बापाची हलगी लागते, पण हलगी वाजवणारा देवळाच्या पायरीखाली. "हा धर्म सोडायचा एवढं पक्कं," तो म्हणतो. "जायचं कुठं ते ठरंना. तू पुस्तकं वाचतोस. सगळ्या धर्मांचं मला सांग. कोण काय मानतं, कोण काय करतं. समदं सांग, मग मी ठरवतो."

त्याच आठवड्यात पवईला आमच्या विहारात अभ्यासवर्गाच्या पोरांनी माझ्या गळ्यात विषय घातला : जगातले धर्म. दोन्हीकडून एकच ओझं. मी एक वही घातली. हा लेख त्या वहीतून निघालाय. मी शिकलेला माणूस नाही, दहावी नापास. वाचलं ते ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात विकत घेतलेल्या पुस्तकांतून, आणि उरलेलं लूमवरच्या माणसांकडून. कुठं चुकलं तर विहारात येऊन सांगा, भांडा. पण आधी पूर्ण वाचा.

०

आधी दोऱ्याचं सांगतो.

मी भिवंडीला काम करतो. आहे ती पॉवरलूमची शेड, पण घरात तिला गिरणीच म्हणतात. कारण आजा गिरणीत होता. पणजाही गिरणीत होता. सातारच्या दुष्काळी भागातून तो परळला आला आणि रिंगखात्यात लागला. विणाईखात्यात पैसा जास्त. पण तिथं आमच्या माणसाला पाय टाकायची बंदी. बंदी मालकाची नव्हती. सोबतच्या कामगारांची होती. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. आज ह्याचं तोंड लागलं, उद्या त्याचं. महाराचं तोंड लागलेला धोटा मराठ्यानं तोंडाला कसा लावायचा? दोरा उष्टा होतो, धर्म बाटतो.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हेच विचारलं. एकजुटीच्या गोष्टी करता, मग विणाईखातं आमच्या माणसाला उघडं करा, ही मागणी तुमच्या मागण्यांत घ्या. मालक-मजूर लढाईच्या मधोमध एक उष्टा दोरा आडवा पडला होता. तो दिसला एकट्या बाबासाहेबांना.

आज्याच्या काळापर्यंत ते दार किलकिलं झालं. तरी आजा रिंगखात्यातच राहिला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरणी परत त्याच्यासाठी उघडलीच नाही. घर उचलून तो पवईला टेकडीवर आला, झोपडी बांधली. आज बाप वॉचमन आहे. आई धुणीभांडी करते. आईचा चहाचा कप सगळ्या घरांत वेगळा. ती घरं कुठल्या धर्माची ते सांगत नाही. तीन धर्मांच्या घरांत तिनं काम केलंय आणि तिन्हीकडं कप वेगळा होता.

आता माझं. पहिल्या दिवशी चाचानं मला धोटा भरायला शिकवला. चाचा मऊचा, अन्सारी. बापजाद्यांपासून विणकर. तारेचा हूक हरवला होता. चाचानं धोटा तोंडाला लावला, दोरा सुर्रकन ओढला, आणि धोटा माझ्या हातात दिला. "अब तू कर." मी तोंड लावलं. रुवा घशात गेला, ठसका लागला. चाचा हसला. त्याला काहीच वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. ठसक्यानं आलं असं मी सांगितलं.

०

पवईत राहणाऱ्याला धर्म शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या टेकडीवरून तलाव दिसतो. १८९१ साली इंग्रजांनी मुंबईला पाणी पाजायला बांधला. पाणी पिण्याजोगं निघालं नाही. त्याच्या आधी ही सगळी पवईची इस्टेट फ्रामजी कावसजी नावाच्या पारशाकडं होती. काठाला पद्मावतीचं देऊळ, ते आयआयटीच्या आवारात. पवई गावात ख्रिस्ती लोकांचं होली ट्रिनिटी चर्च. साकीनाक्याकडून अजान ऐकू येते. भाद्रपदात तलावात गणपती बुडतात, कार्तिकात भय्ये लोक छटपूजेला कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात. तलावात मगरी आहेत, त्या कुठल्या धर्माच्या ते त्यांनी सांगितलेलं नाही. ह्या तलावाचं पाणी कुणीच पीत नाही. त्यामुळं कुणी कुणाला काठावरून हाकलत नाही. महाडच्या तळ्याचं पाणी गोड होतं म्हणून तिथं डोकी फुटली.

वहीचं पान मी उभं दुमडलं. डावीकडं लिहिलं : काय मानतात, काय करतात. उजवीकडं लिहिलं : कुणाला बाहेर ठेवतात.

कामगाराला धर्म पहिल्यांदा सुट्टीच्या वारानं कळतो, म्हणून ज्यूंपासून सुरुवात केली. एकच देव, त्याची मूर्ती नाही. मोशेला मिळालेला कायदा, त्याचा ग्रंथ तोरा. पोरगा आठ दिवसांचा झाला की सुंता. आणि शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारची सांज होईपर्यंत काम बंद. मालकाचंच नाही, घरच्या गुलामाचं आणि बैलाचंही बंद. गुलामाला आठवड्याची सुट्टी, आणि तीही धर्मग्रंथात! हे वाचलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ गप्प बसलो. आपल्या कोकणातले बेने इस्रायल घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मराठी बोलणारे ज्यू. आपल्या गिरणीला रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला. मिळवली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. गोऱ्याच्या चर्चचा वार त्यांनी खंडोबाचा वार म्हणून मागितला आणि मजुराच्या पदरात टाकला. आमच्या शेडला सुट्टी शुक्रवारी.

उजवीकडं लिहिलं : बेने इस्रायलांतही गोरे आणि काळे असे दोन भाग होते, लग्नं होत नव्हती. पुढं हेच लोक इस्रायलला गेले. तिथले धर्मगुरू म्हणाले, तुमच्याशी लग्न लावायचं तर तुम्ही खरे ज्यू की नाही ते तपासावं लागेल. कोकणातून गेलेल्या माणसांना तिथं निदर्शनं करावी लागली. १९६४ साली त्यांच्या संसदेनं सांगितलं, हे पूर्ण ज्यू आहेत. दोन हजार वर्षं शनिवार पाळला, आणि शेवटी अडलं कुठं? पोरगी देण्यावर.

ख्रिस्ती. देव एकच, येशू त्याचा पुत्र. तो माणसांच्या पापासाठी क्रुसावर मेला आणि उठला. पाण्यानं बाप्तिस्मा. रविवारी चर्चमध्ये एकाच भाकरीचा तुकडा सगळ्यांनी घ्यायचा, ते त्याचं शरीर. सुताराच्या घरात वाढलेला देव मला जवळचा वाटला. पवई गावातली एक ईस्ट इंडियन मावशी आईच्या ओळखीची. ती आपल्यासारखीच मराठी बोलते. त्यांच्यात आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण, लग्नाआधी विहिरीवर वाजतगाजत उंबराचं पाणी. येशू आला पण माती गेली नाही. जातही गेली नाही. गोव्यात बामण ख्रिस्ती, चारडो, शूद्र अशी नावं चारशे वर्षांनंतरही लग्न जमवताना निघतात. वसईत सामवेदी वेगळे, वाडवळ वेगळे, कोळी वेगळे. भाकरीचा तुकडा एक, सोयरीक वेगळी.

मुसलमान. अल्ला एक, महंमद त्याचे शेवटचे पैगंबर. पाच गोष्टी : कलमा, पाच वेळची नमाज, रमझानचे रोजे, शिलकीच्या चाळिसाव्या हिश्शाची जकात, ऐपत असेल तर हज. पहिली अजान दिली ती बिलाल नावाच्या काळ्या गुलामानं. नमाजाच्या रांगेत शेठ आणि मजूर खांद्याला खांदा. हे मी डोळ्यांनी बघितलंय, शेडचा मालक चाचाच्या मागच्या रांगेत. दोस्तानं चाचाला सरळ विचारलं, "चाचा, मी मुसलमान झालो तर?" चाचा खूष झाला. "फिर निकाह?" चाचानं दाढीवरून हात फिरवला. "दस्तरख्वान एक है बेटा. निकाह बिरादरी में होता है." चाचा खोटं बोलत नाही. अश्रफ वर, अजलाफ खाली, अर्जल सगळ्यांच्या खाली. मुसलमानांतही जात आहे हे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या पुस्तकात केव्हाच लिहून ठेवलंय. अन्सारी स्वतः वरच्यांकडून जुलाहा म्हणून हिणवले गेले. आणि तेच भंग्याला पोरगी देत नाहीत.

शीख. नानक १४६९ चे. एक ओंकार, मूर्ती नाही. नाम घ्या, कष्टाचं खा, वाटून खा. हा मजुराचा धर्म आहे, मी लिहिलं. लंगरात सगळे एका पंगतीत. १६९९ साली गुरू गोविंदसिंगांनी एका वाडग्यातलं अमृत वेगवेगळ्या जातींच्या पाच जणांना पाजलं. म्हणजे उष्ट्याचा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी निकालात काढला. त्यांच्या ग्रंथात आपले नामदेव आहेत, चांभार रविदास आहेत, विणकर कबीर आहेत. तरी पंजाबच्या कितीतरी गावांत मजहबी शिखांचा गुरुद्वारा वेगळा आणि मसणवट वेगळी.

पारशी. अहुर मज्द हा देव, अग्नी हे त्याचं प्रतीक. चांगला विचार, चांगला शब्द, चांगलं काम. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी डावर या पारशानंच काढायला घेतली. पण अग्यारीत आपल्याला प्रवेश नाही. १९०८ साली टाटांच्या घरातल्या फ्रेंच बाईच्या वादाचा कोर्टात निकाल लागला. ती रीतसर पारशी झाली होती. तरी कोर्टानं सांगितलं, अग्यारी-दोखम्याच्या ट्रस्टवर हक्क जन्मानं पारशी असणाऱ्यांचा.

जैन. जग कुणी निर्माण केलं नाही, देव नाही. तीर्थंकर वाट दाखवतात. अहिंसा, सत्य, चोरी नाही, ब्रह्मचर्य, साठा नाही. दिवेलागणीनंतर जेवत नाहीत. मुंगी मरू नये म्हणून जपतात. साठा करू नका हे सांगणाऱ्या धर्माचे व्यापारी एवढे श्रीमंत कसे, हे मी उजवीकडं लिहिलं आणि पुढं गेलो.

हिंदू. ह्याच्यावर जास्त काय लिहू? आत्मा, कर्म, पुनर्जन्म, मोक्ष, तीर्थ, व्रत, आणि ह्या सगळ्याच्या खाली पायासारखी वर्णव्यवस्था. बाकीच्या धर्मांत जात मागच्या दारानं शिरली. इथं ती पुढच्या दारानं आली आणि दारावर पहारा करत बसली. संतांनी वाळवंटात खेळ मांडला, पण चोखोबा महाद्वाराबाहेर. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजी उपाशी बसले तेव्हा. गेल्या जन्माच्या पापानं तू मांग झालास, असं दोस्ताच्या बापाला सांगितलं की मग मालकावर, सरकारवर, कुणावरच काही येत नाही. एवढं स्वस्त उत्तर दुसऱ्या कुठल्या धर्माला सुचलं नाही.

०

वही अर्धी भरली आणि मला कळलं, हा सवाल दोस्ताच्या आधी एका माणसाला पडून गेलाय.

१३ ऑक्टोबर १९३५. येवला. मी हिंदू म्हणून मरणार नाही, अशा अर्थाचं बाबासाहेब बोलले आणि देशभरचे धर्मवाले त्यांच्या दाराशी आले. मुसलमान आले, मिशनरी आले, शीख आले, बौद्धही आले. १९३६ च्या एप्रिलात ते अमृतसरला शिखांच्या परिषदेला गेले. ३१ मे १९३६ ला मुंबईत महार परिषदेत त्यांनी धर्मांतराचा हिशोबच मांडला : आध्यात्मिक बाजू कोणती, संसाराची बाजू कोणती. एकट्या माणसाच्या अंगी बळ नसतं, ते समाजाच्या पाठिंब्यानं येतं, हा त्यातला मुद्दा. म्हणजे धर्म निवडताना त्यांनी ग्रंथ बघितले आणि शेजारीही बघितले. मार खाताना कोण धावून येईल? पोरीचं लग्न कुठं होईल? मेल्यावर खांदा कोण देईल?

मग एकवीस वर्षं. घाई केली नाही. १९५० साली महाबोधीच्या नियतकालिकात त्यांनी बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण एका ओळीत उभे केले. येशू स्वतःला देवाचा पुत्र म्हणतो, महंमद शेवटचे पैगंबर, कृष्ण तर स्वतःच देव. बुद्ध म्हणतो, मी माणूस, मी वाट दाखवतो, मोक्ष देत नाही. माझं म्हणणंही तपासून घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतली. मग लोकांना स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. डावीकडं मी लिहिलं : बुद्ध, धम्म, संघ या तिघांना शरण. पंचशील : हत्या नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं नको, नशा नको. अष्टांगिक मार्ग. देव नाही, आत्मा नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण काढलं तर दुःख जातं. हे वाचून मला आमचा फिटर आठवला. लूम बंद पडला तर तो नवस बोलत नाही, कारण शोधतो.

उजवीकडं काय लिहायचं? पेन थांबला. आपल्या धर्माच्या उजव्या बाजूला काही नाही, असं लिहायचं माझ्या मनात होतं.

०

शुक्रवारी सुट्टी होती. दोस्त पवईला आला. आम्ही अंधेरीकडं कोंडिवट्याला गेलो, महाकाली लेण्यांवर. काळ्या खडकात खोदलेली एकोणीस लेणी. जुनी दोन हजार वर्षांची. एका लेण्यात खडकातच कोरलेली गोल झोपडी, तिला दगडी जाळी आणि आत स्तूप. दोस्त बराच वेळ जाळीला हात लावून उभा राहिला. "घर बुद्धाचं आणि नाव देवीचं," म्हणाला. मी म्हटलं, बोरिवलीच्या पलीकडं कान्हेरीला याहून मोठं आहे. तिथं १००९ आणि १०२१ साली पारशी पाहुणे आले होते, त्यांनी आपली नावं पहलवीत भिंतीवर कोरलीत. बुद्धाच्या घरात अग्निपूजक येऊन नाव लिहून गेले, कुणी अडवलं नाही.

मग त्याला उपालीची गोष्ट सांगितली. शाक्य राजपुत्र भिक्खू व्हायला आले, त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली. राजपुत्र म्हणाले, आधी याला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याच्या पाया पडावं लागेल आणि आमचा गर्व उतरेल. बुद्धानं तसंच केलं. आणि चांडाळाच्या पोरीकडं आनंदानं पाणी मागितलं. ती म्हणाली, मी चांडाळीण. आनंद म्हणाला, मी पाणी मागितलं, जात विचारली नाही.

दोस्त खूष झाला. मला तिथंच थांबता आलं असतं. पण वही माझ्या खिशात होती. मी म्हटलं, पुढचंही ऐक. श्रीलंका बुद्धाचा देश. तिथं १७५३ साली सयामहून परंपरा आणून भिक्खूंचा सयाम निकाय उभा राहिला, आणि थोड्याच वर्षांत ठरलं, उपसंपदा फक्त गोविगम या वरच्या जातीला. आजही तिथली ती रीत पुरती मोडलेली नाही. खालच्या जातीच्या माणसांना १८०० च्या सुमाराला समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपुराला जावं लागलं. तिथून ते उपसंपदा घेऊन आले आणि स्वतःचा अमरपुर निकाय काढला. जपानमध्ये चामड्याचं काम करणाऱ्या बुराकूंना बौद्ध देवळांनी मेल्यावर थडग्यावरची नावंसुद्धा हिणकस दिली.

दोस्त दगडावर बसला. "म्हणजे बुद्ध असला तरी पुरत नाही."

"न्हाय पुरत," मी म्हटलं. "माणसं लागतात."

"मग तुमची माणसं कशी हायत? माझ्या सवालाचं उत्तर तू दिलं नाहीस."

०

आता ते उत्तर. हा लेख लिहायला घेतला तो ह्यासाठी.

घरी बहिणीचं लग्न बघतायत. ती साकीनाक्याला एका दुकानात हिशोब लिहिते. बापानं बायोडाटा छापून आणलाय. वर बुद्धाचं चित्र, खाली नमो बुद्धाय. त्याखाली धर्म : बौद्ध. त्याखाली जात : महार. त्याखाली पोटजात : सोमवंशी. तो कागद महिनाभर कपाटावर होता. मी रोज बघत होतो आणि मला काही खुपलं नव्हतं. त्या शुक्रवारी रात्री खुपलं.

मी बापाला विचारलं, "मांगाचा बौद्ध झालेला पोरगा आला तर?" बाप टीव्हीकडं बघत राहिला. बावीस प्रतिज्ञा त्याला पाठ आहेत, दर १४ एप्रिलला विहारात तोच पुढं म्हणतो. नववी समतेची, दहावी समता आणायला झटण्याची. बराच वेळानं म्हणाला, "पोरगा वाईट असंल असं मी म्हणत न्हाय. पण भावकी काय म्हणंल?" चाचाची बिरादरी आणि बापाची भावकी. शब्द तेवढे वेगळे.

आणि खरं सांगतो मित्रांनो, दोष एकट्या बापाचा नाही. त्या पहाटे दोस्तानं सवाल टाकला तेव्हा मी दोरा का शोधत बसलो? माझ्या पोटात गोळा आला होता. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढं आला होता. दीड पायलीचा मी कवी, मोर्च्यात घोषणा देणारा, आणि माझ्या पोटात तोच गोळा जो १९२८ साली विणाईखात्यातल्या माणसाच्या पोटात आला होता. ज्याचा दोरा उष्टा म्हणून माझ्या पणज्याला दाराबाहेर ठेवलं, त्याच्यात आणि माझ्यात त्या क्षणी फरक किती उरला?

आई भांडी घासत ऐकत होती. म्हणाली, "बाबासाहेबांनी समदं सांगितलं, आन ह्यांनी पोटजात छापून आणली."

बहीण उठली. कपाटावरचा कागद घेतला. पेननं दोन रकाने खोडले, जात आणि पोटजात. मला वाटलं जिंकलो. तेवढ्यात ती माझ्याकडं वळली. "आणि तू रं? तुझा दोस्त विचारतो पोरगी द्याल का. तू बापाला विचारतोस पोरगी देणार का. मला कुणी विचारलं? मी काय लंगरातली भाकरी हाय, वाटायला?"

मी वही उघडली आणि बघितलं. उजवी बाजू पुन्हा वाचली. सात धर्मांत कुणाला बाहेर ठेवतात ते मी लिहिलं होतं, आणि बायकांचा एक शब्द नव्हता. कॅथॉलिक चर्चमध्ये बाईला पाद्री होता येत नाही. मशिदीच्या पुढच्या रांगेत बाई नाही. देवळात तिचे चार दिवस बंद. बुद्धानं महाप्रजापतीला आधी तीनदा नकार दिला, मग आनंदानं भांडून संघाचं दार उघडायला लावलं, तेही आठ जादा नियम लावून. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. ते हे सगळं ओळखून होते. मी ओळखलं नव्हतं. आपल्या धर्माची उजवी बाजू मी त्या रात्री भरली. पहिली ओळ : सोमवंशी. दुसरी ओळ : पोरगी द्याल का.

०

एक गोष्ट राहिली. धर्म बदलला की कागदही बदलतो. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जाती म्हणजे हिंदूच. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेला दलित बाहेरच राहिला. २०२२ साली त्यावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. दोस्ताला हेही सांगितलं, कारण धाकट्या भावाची स्कॉलरशिप आहे. पोटाचं बघून धर्म घेतो म्हणून कुणी त्याला हसलं तर हसणाऱ्यानं आधी स्वतःचं पोट दाखवावं.

पुढच्या रातपाळीला मी त्याला सगळं सांगितलं. बापाचं, आईचं, बहिणीचं, आणि माझ्या पोटातल्या गोळ्याचंही. मला वाटलं त्याला राग येईल. लूम चालू होते. त्यानं जवळ येऊन ऐकलं.

"तुझी बहीण बरोबर हाय," तो म्हणाला. "माझा सवाल चुकला. परत विचारतो. मी तुमच्यात आलो तर तो रकाना तुम्ही परत छापाल का?"

ह्या वेळी मी खाली वाकलो नाही. ओरडून सांगितलं, "आमच्या घरात न्हाय छापू देणार. बाकीच्यांचं मला सांगता येत न्हाय. त्यांना विचारतो."

म्हणून हा लेख. तुम्हाला विचारतोय. अभ्यासवर्गात मी धर्मांची माहिती सांगीन, वही तयार आहे. पण येताना प्रत्येकानं आपल्या घरचा बायोडाटा आणायचा. ताईचा, दादाचा, स्वतःचा. छापलेला नसेल तर घरात लग्नाचं बोलताना जो पहिला प्रश्न विचारतात तो लिहून आणायचा. सगळ्यांच्या देखत वाचायचा. मग बोलू, कुठला धर्म काय मानतो.

दोस्तानं अजून ठरवलेलं नाही. मी घाई करत नाही, बाबासाहेबांनी एकवीस वर्षं घेतली. त्या रात्री त्याचा हूक सापडेना. त्यानं धोटा तोंडाला लावून दोरा ओढला. माझ्या लूमची कांडी संपत आली होती. मी हात पुढं केला आणि त्याचाच धोटा घेतला.

जयभीम.